आधी गोळी, मग चहा

हिनेवाई पहिल्यांदा माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात शिंप्याकडे असते तसली टेप होती.

"ग्लेनिस आंटी ना? तुमचे अंगठे मोजू का?"

ना ओळख, ना पाळख. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. त्यातली चाळीस वर्षं मी या खोऱ्यातल्या घराघरांत जाऊन नर्सचं काम केलं. लोकांचा ताप मोजला, रक्तदाब मोजला, बाळांची डोकी मोजली. पण माझे अंगठे मोजावेत असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

पोरगी तेवीस वर्षांची. डनेडिन शहरात वस्तूंचं डिझाइन शिकत होती, शेवटच्या वर्षाला. पाठीवर सॅक टाकून भटकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी प्रवासातल्या औषधपाण्याच्या वस्तू बनवायच्या, हा तिचा वर्षभराचा प्रकल्प. शनिवारी ती एका औषधाच्या दुकानात काम करायची. तिथं साठी-सत्तरीची माणसं सहलीला निघायच्या आधी यायची आणि गोळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून, वर रबर लावून न्यायची. ते बघून हिच्या डोक्यात किडा वळवळला.

"आमच्या वर्गात सगळे तरुणांसाठी सायकली नि हेडफोन करतायत," माझ्या स्वयंपाकघरात बसून तिसरा चीज रोल खात ती सांगत होती. "आणि डोंगरात जाऊन बघावं तर निम्मी माणसं पांढऱ्या केसांची! त्यांचा कुणी विचारच करत नाही. साधी गोळ्यांची डबी उघडायला दात लावावे लागतात, आंटी. दात!"

बोलता बोलता तिला धाप लागत होती. तिच्या अंगात इतका उत्साह होता की माझं मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं. मी मुकाट्याने अंगठे पुढे केले.

माझा स्वार्थही सांगून टाकते. नोव्हेंबरात आमचा डोंगरभटक्यांचा क्लब देशाच्या दक्षिण टोकाच्या राकिउरा बेटावरच्या दहा दिवसांच्या पायी फेरीला जाणार होता. दक्षिणेतल्या सगळ्या मोठ्या वाटा माझ्या पायांखालून गेल्यात, ही एकच राहिली. चारदा ठरली आणि चारदा फिसकटली. एकदा माझा पाय मोडला, एकदा आई गेली, दोनदा वादळ आलं. आणि आता पाचव्यांदा क्लबचा कप्तान मर्व आडवा आला होता. मार्चमधल्या सहलीत तिसऱ्या दिवशी चढावर माझा श्वास कोंडला. मी दगडावर बसले ती पंधरा मिनिटं उठलेच नाही, आणि माझी सॅक मर्वला वाहावी लागली. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "ग्लेनिस, आता तू दिवसभराच्या सहली कर. संध्याकाळी घरी."

संध्याकाळी घरी! जशी काही मी शाळकरी पोर.

त्यात मर्वचा एक नियम होता. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका क्लबातला माणूस वाटेवर कोसळला, तेव्हा केलेला. ज्याला हृदयासाठी रोज गोळी लागते त्याने मुक्कामाच्या सहलीला यायचं नाही. समितीने नियम मंजूर केला आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा सगळा क्लब ठणठणीत झाला. एकालाही कसली म्हणून गोळी लागेना. मीही त्यातलीच.

तर मी हिनेवाईला मर्वपुढे नेऊन उभं केलं. मर्व शहात्तर वर्षांचा, जन्मभर जमीनमोजणी खात्यात काढलेला, ताठ. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. ठरलं असं की सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवसांची सहल करायची, सॅडल क्रीकच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या लाकडी खोपट्यात, मुक्काम. मी, माझी मैत्रीण डोरीन आणि मर्व, तिघं हिनेवाईच्या वस्तू वापरून बघणार. आणि मी स्वतःची सॅक स्वतः घेऊन खिंडीपर्यंत जाऊन परत आले, तर नोव्हेंबरच्या यादीत माझं नाव घालायचा तो विचार करणार.

"विचार करीन," म्हणाला. मर्वचं 'विचार करीन' म्हणजे हो नव्हे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी घरी येऊन बूट तेलाने चोपडले.

निघण्याआधी हिनेवाईने आमच्याकडून एक फॉर्म भरून घेतला. वय, आजार, औषधं. आम्ही तिघांनी आजार आणि औषधांपुढे मोठ्ठी रेघ मारली.

"तिघांचं मिळून वय दोनशे एकोणीस," तिने हिशेब केला, "आणि एकही गोळी नाही?"

"डोंगराची हवा," मर्व म्हणाला.

"कमाल आहे तुमची! मग मी डबीत पेपरमिंटच्या गोळ्या भरते. गोळी घेतली असं समजायचं, काय?"

मी खिडकीबाहेर बघत होते.

तिची वस्तू म्हणजे मनगटावर बांधायचा नारिंगी रबरी पट्टा. त्यात एक यंत्र, गोळीची वेळ झाली की ते थरथरायचं आणि चिमणीच्या पिल्लासारखं ओरडायचं. जोडीला सात खणांची डबी, प्रत्येक खणावर वाराचं नाव. दिसायला देखणं होतं, नाही म्हणत नाही. डोरीनने पट्टा बांधल्या बांधल्या विचारलं, "हे घातल्यावर रस्ता ओलांडायला कुणी हात धरतं का गं?"

पहिल्याच दिवशी नदी लागली. आमच्याकडे सप्टेंबरात वसंत लागतो, डोंगरावरचं बर्फ वितळत होतं, पाणी मांडीपर्यंत आणि हाडं गोठवणारं. आम्ही हिनेवाई धरून चौघं नेहमीच्या रीतीने एका रांगेत, एकमेकांच्या सॅकमागून हात घालून, पायांखालचा दगड चाचपत निघालो. अगदी मधोमध पोचलो आणि तिन्ही पट्टे एकदम ओरडायला लागले. डोरीनला उजव्या कानाने ऐकू येत नाही, पण डाव्या कानाजवळ माझं मनगट होतं. ती दचकली, पट्टा बंद करायला तिने हात सोडवला, आणि सबंध रांग गर्रकन फिरली.

"हात सोडू नकोस!" मर्व ओरडला.

"मग याला गप्प कर!"

"गोळी घ्या म्हणतंय ते," दात वाजत असताना हिनेवाई म्हणाली. "सॉरी! सॉरी! मी नदी हिशेबात धरलीच नव्हती!"

पलीकडे पोचल्यावर आम्ही इतके हसलो की बसूनच राहिलो. ती मात्र ओल्या वहीत भराभर लिहीत होती. 'नदी', खाली तीन रेघा. पुढं डबीचीही तीच गत झाली. थंडीने बोटं आखडली होती, खण उघडेना. मी दात लावले. आज वार कुठला यावर मर्व आणि डोरीन भांडले, कारण डोंगरात शिरलं की वार कुणाला लक्षात राहतात? पेपरमिंट मात्र सगळ्यांनी संपवल्या.

हटवर पोचलो तेव्हा हिनेवाईचा चेहरा पडलेला. तीन आठवड्यांनी तिला परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं. चुलीवर पाणी ठेवून तिने समोर दिसला तो कप उचलला आणि त्यात चहा ओतायला गेली. तो मर्वचा होता, मोडक्या कानाच्या जागी तार गुंडाळलेला. डोरीनच्या तोंडून "हाऽऽ!" असा आवाज निघाला. मर्वने दोन ढांगांत येऊन कप काढून घेतला.

"पोरी," मी तिला बाजूला घेतलं, "आमच्यात माणूस एक वेळ दुसऱ्याचे मोजे घालेल. कपाला हात लावत नाही."

प्रत्येकाचा कप ठरलेला. मर्वचा तारेचा, माझा निळ्या इनॅमलचा टवके उडालेला, डोरीनचा जुन्या मोज्यात घातलेला. सॅकच्या बाहेर लटकवायचे, ते चालताना खणखणतात आणि त्या आवाजावरून धुक्यातसुद्धा कळतं कोण पुढं आहे. बाकी सामान मात्र सगळ्यांचं एकसारखं, विशेषतः डब्या. कॅमेऱ्यात रोल घालायचे त्या काळातल्या काळ्या डब्या क्लबातल्या प्रत्येकाकडे ढिगाने आहेत. मीठ त्यात, काड्या त्यात, सुई-दोरा त्यात. आणि वजन वाचवायचं वेड असं की टूथब्रशचा दांडा कापून न्यायचा, गोळ्यांची पाकिटं घरीच फोडायची. माझ्या सॅकमधल्या एका डबीवर 'दूध पावडर' असं लिहिलं होतं. तिच्यात दूध पावडर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्सची लापशी शिजवत होते. आमच्या दक्षिणेत लापशीत मीठच पडतं. साखर घालणारा माणूस उत्तरेचा समजावा. माझं मीठ संपलेलं. मर्व बादली घेऊन नदीचं पाणी आणायला गेला होता, आणि त्याच्या फळीवर 'मीठ' अशी पट्टी चिकटवलेली डबी होती. मी ती घेतली, झाकण उडवलं आणि भांड्यावर उपडी केली.

मीठ पडलं नाही. टप, टप, टप, टप. गोळ्या पडल्या.

मी लाकडी चमच्याने एकेक उचलायला लागले. चाळीस वर्षं असल्या गोळ्या मी लोकांच्या तळहातांवर ठेवल्यात, मला पाकीट लागत नाही. एक हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवायची. दुसरी रक्त पातळ ठेवायची. एवढ्याशा वेळात काहींचे कोपरे विरघळले, पण बहुतेक शाबूत निघाल्या. मी त्या भांड्याच्या झाकणावर मांडल्या आणि माझे कान गरम झाले.

डोरीन डोकावली. "ही लापशी मी खाणार नाही हं. माझं रक्त आहे तेवढं पातळ बास."

तेवढ्यात मर्व बादली घेऊन आत आला.

"मर्व," मी म्हटलं, "तुझं मीठ घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागते का रे?"

त्याने झाकणाकडे बघितलं. "ते माझं नाही."

"डबीवर तुझं अक्षर आहे."

बादली त्याने खाली ठेवली ती इतकी जोरात की त्याचे बूट भिजले. मग तो बाकावर बसला. "दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "ठोके चुकतात मधूनच. गोळ्या घेतल्या की काही होत नाही."

"म्हणजे मला 'संध्याकाळी घरी' म्हणालास तेव्हा..."

"हो."

"आणि नियम तुझा!"

"नियम केला तेव्हा मला काही नव्हतं गं," मर्व म्हणाला. "नंतर मोडायचं कसं? सगळ्यांपुढे उभं राहून काय सांगू, की बाबांनो, आता कप्तानालाच गोळी लागते?"

मला राग आला आणि, लपवत नाही, आनंदही झाला. राकिउरा माझ्या मुठीत आलं होतं. आता लिही यादी, इथंच, माझ्यासमोर, हे वाक्य अगदी जिभेवर होतं.

पण हिनेवाई उठून उभी राहिली होती. ती मर्वकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे तो फॉर्म खोटा होता," ती म्हणाली. "मी वर्षभर काम करून शेवटी पेपरमिंटची चाचणी घेतली. आंटी, तुमचा तरी खरा होता ना? तुम्ही नर्स होतात."

नर्स होतात म्हणाली नसती तर कदाचित मी रेटून नेलं असतं. मी सॅक ओढली, 'दूध पावडर' काढली आणि टेबलावर रिकामी केली.

"लघवीची गोळी," मी म्हटलं. "रोज सकाळी एक. माझं हृदय जरा ढिलं झालंय, अंगात पाणी साठतं. घरी घेते. डोंगरात नाही घेत. कालही घेतली नाही."

"का?" मर्व म्हणाला.

"का? तू पन्नास मिनिटं चालवतोस आणि दहा मिनिटं थांबवतोस, म्हणून! तिसऱ्या मैलानंतर सगळा माळ उघडा, गवत गुडघ्याएवढं. दर वीस मिनिटांनी मी जाऊ कुठं, तुझ्या टोपीमागे? म्हणून सहलीला निघाले की गोळी बंद. मार्चमध्ये तिसऱ्या दिवशी श्वास कोंडला तो त्यामुळे. मला माहीत होतं. दगडावर बसल्या बसल्या माहीत होतं."

सांगून झाल्यावर मला रडू आलं. चाळीस वर्षं मी लोकांना दटावत आले, गोळी चुकवलीत तर बघा म्हणून. म्हाताऱ्या गुराख्यांना जीभ बाहेर काढून दाखवायला लावलीय मी, गिळली की नाही ते बघायला. आणि स्वतः काय केलं, तर झुडूप नाही म्हणून जीव टांगणीला लावला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

डोरीनने मात्र शांतपणे आपल्या कपावरचा मोजा काढला, कप तळहातावर उपडा केला, आणि एक गोळी बाहेर आली.

"तू पण?" मी म्हटलं.

"मी काय लपवलंय? फॉर्ममध्ये आजार विचारला होता. मला आजार कुठाय, थायरॉइड आहे." ती गोळी तोंडात टाकून म्हणाली, "माझी गोळी कपातच असते. रात्री टाकून ठेवते. सकाळी चहा ओतायला जावं तर गोळी आडवी येते. आधी गोळी, मग चहा. वीस वर्षांत एकदा चुकली नाही."

हिनेवाईच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"परत सांगा."

"ऐकू येत नाही का तुला? कपात असते."

"कपात!" ती ओरडली. "कप! कपाला कुणी हात लावत नाही! कप कुणाचा कुणाशी बदलत नाही! आणि चहा तर तुम्ही मेलात तरी चुकवणार नाही!" ती टेबलाभोवती चक्क नाचायला लागली. "वार कशाला हवेत? घड्याळ कशाला हवं? उठल्यावरचा चहा, वाटेतला चहा, पोचल्यावरचा चहा! मर्व अंकल, तुमचा सुरा द्या. आंटी, ते ओट्सच्या डब्याचं झाकण. डोरीन आंटी, मोज्याचं इलॅस्टिक कापू?"

"एकाचंच काप," डोरीन म्हणाली.

अर्ध्या तासात तिने पहिलं झाकण बनवलं. वेडंवाकडं, जखमेच्या पट्ट्यांनी चिकटवलेलं, तीन खणांचं. कपावर बसवायचं आणि सबंध तळहाताने फिरवायचं, बोटांच्या टोकांनी नाही. फिरवलं की त्या वेळची गोळी कपात पडते. झाकण काढल्याशिवाय चहा ओतता येत नाही, आणि काढायला गेलं की गोळी समोर. नारिंगी पट्टा तिने स्वतःच चुलीजवळच्या खिळ्याला लटकवून टाकला.

मी त्या झाकणातून पहिली गोळी घेतली. मर्वनेही घेतली, आमच्यादेखत, मान खाली घालून. मग तो नकाशा उलगडून बसला. बराच वेळ पेन्सिलीने काहीतरी बारीक बारीक करत होता. मला वाटलं, खिंडीचा बेत रद्द करतोय. मी वाकून बघितलं. वाटेच्या कडेने त्याने हिरव्या पेन्सिलीने ठिपके काढले होते.

"ही झुडपं आहेत," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "हा मोठा दगड, याच्यामागे माणूस दिसत नाही. इथं ओढ्याची कडा खाली गेलीय. वीस-वीस मिनिटांवर बसवलंय. या मधल्या पट्ट्यात काही नाही, तिथं आम्ही तिघं पुढं जाऊन डोंगराकडे बघत उभे राहू."

मर्वला मी तीस वर्षं ओळखते. त्याने कुणासाठी चालीचा वेग बदललेला मी पाहिला नव्हता. मी लापशीचं भांडं घासायला घेतलं.

त्या दिवशी मी खिंडीपर्यंत गेले. हळू, हिरव्या ठिपक्यांवर थांबत, पण माझी सॅक माझ्याच पाठीवर होती. वर पोचलो तेव्हा वारा असा की उभं राहवत नव्हतं, आणि दक्षिणेकडे खाली समुद्राची एक पांढरी रेघ दिसत होती. हिनेवाई माझ्या गळ्यात पडली. "आंटी, चाललं! चाललं!" ती झाकणाबद्दल म्हणत होती की माझ्याबद्दल, कोण जाणे. मर्वने नुसती मान हलवली आणि उतरायला लागला.

नंतरचे तीन आठवडे पळापळीत गेले. डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं की विचारू नका. शब्दन् शब्द तोच, जो मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आले होते. शेवटी मात्र त्यांनी चिठ्ठी दिली. गोळी रोज, घोटे रोज तपासायचे, सूज आली तर परतायचं, या अटीवर जायला हरकत नाही. हिनेवाई दर दोन दिवसांनी बसने नवं झाकण पाठवायची. एक पाण्यात फुगलं, एक डोरीनच्या कुत्र्याने खाल्लं, एकातली गोळी उडून थेट बागेत गेली. अकरावं बसलं. कुठल्याही कपावर ताणून बसणारं, आणि आतल्या बाजूला औषधांची नावं लिहायची जागा, म्हणजे माणूस वाटेत पडला तर मदतीला येणाऱ्याला कळेल. "दुकानात दाखवलं तर तीन जणांनी विचारलं, मिळेल कुठं!" फोनवर ती इतक्या जोरात बोलायची की मी फोन लांब धरायचे.

मर्व मात्र गप्प. नियम होता तिथंच होता, आणि नोव्हेंबरची यादी अजून लागली नव्हती. समितीच्या बैठकीच्या दिवशी मी डनेडिनला गेले होते, हिनेवाईला तिच्या मांडणीत मदत करायला. परत आल्यावर मी कुणाला विचारलं नाही. उत्तर नाही असलं तर ते जितकं उशिरा कळेल तितकं बरं, असं मला वाटत होतं. पाचव्यांदा फिसकटलं तर सहाव्यांदा मी असेन की नाही, कुणी सांगावं?

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो, कप मांडीवर घेऊन. मर्वने टाय लावला होता. हिनेवाई आधी अडखळली, मग सुटली. नदी सांगितली, लापशी सांगितली, सगळं. सभागृह हसत होतं. पण परीक्षकांत भटकंतीचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा एक गृहस्थ होता, तो हसत नव्हता.

"तुमच्याच नोंदीत लिहिलंय की या लोकांनी पहिल्या दिवशी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "मग आता खरं वापरतील हे कशावरून?"

"खोटं सांगितलं कारण मी चुकीचं विचारलं, सर," हिनेवाई म्हणाली. "तुम्हाला काय होतंय असं विचारलं. त्यांना वाटलं, आता ही आपल्याला घरी बसवणार. मी आधी विचारायला हवं होतं की तुम्हाला जायचंय कुठं, आणि मग त्यासाठी काय काय लागेल."

गृहस्थ मर्वकडे वळला. "तुम्ही क्लबचे कप्तान. या बाईंचं हृदय अशक्त आहे. हे झाकण लावून तुम्ही त्यांना दहा दिवसांच्या वाटेवर न्याल?"

मर्व उठला. उठताना त्याचे गुडघे वाजले.

"मी नाही नेणार," तो म्हणाला.

डोरीनने माझा हात घट्ट धरला.

"मी कप्तान नाही आता," मर्व म्हणाला. "गेल्या बैठकीत सोडलं. तो नियमही काढला, सगळ्यांना माझ्या गोळ्या दाखवून. राकिउराची यादी ग्लेनिस करणार, असं समितीने ठरवलंय. तिला सांगायचं काम माझ्यावर सोपवलं होतं, ते मला जमलं नाही, म्हणून इथं सांगतोय." मग तो वळून माझ्यासमोर उभा राहिला, तीस-चाळीस अनोळखी माणसांदेखत. "ग्लेनिस, तू ही फेरी नेणार आहेस. मला त्यात यायचंय. नेशील का?"

त्याला चांगलं फैलावर घ्यायची ही संधी होती. दीड वर्षाचं मीठ होतं, 'संध्याकाळी घरी' होतं. पण शेवटी तोंडात नर्सचंच वाक्य आलं.

"कप दाखव."

त्याने कप पुढे केला. मी झाकण बघितलं. दुपारचा खण भरलेला, संध्याकाळचा भरलेला, सकाळचा रिकामा.

"सकाळची गिळलीस?"

मर्वने भर सभेत जीभ बाहेर काढून दाखवली.

"चल," मी म्हटलं.